पहिली चौकी दवाखान्यात असते



या मालिकेत आपण बहुतेक वेळा रणांगणावरच्या लढायांबद्दल बोलतो. नकाशा असतो, दोन बाजू असतात, तारीख असते. आज ज्या धोक्याबद्दल बोलायचं आहे, त्यात यातलं काहीच हाती नसतं. हल्ला झाला आहे हेच कळायला आठवडे लागतात, कधी वर्षही लागतं.

मी जयपूरला, झोटवाड्यात राहतो. आमच्या भागात निवृत्त फौजी पुष्कळ आहेत. चारजण एकत्र बसले की कोरोनानंतर एक प्रश्न हमखास निघतो, "पुढचं युद्ध जंतूंचं होणार का?" बेळगाव, इंदूर, बडोदा इथल्या श्रोत्यांकडूनही हीच विचारणा होते. बऱ्याच जणांना या प्रश्नाच्या उत्तरात एखाद्या देशाचं नाव हवं असतं. ते नाव मी देणार नाही, कारण पुराव्याशिवाय बोट दाखवणं आमच्या शिक्षणात बसत नाही. मी इतिहासातली काही प्रकरणं समोर ठेवतो. जंतू निसर्गातून आला की कुणी सोडला, याचा निवाडा मागाहून होतो. सुरुवातीचे आठ-दहा दिवस दोन्ही प्रसंग सारखेच दिसतात आणि त्या दिवसांत जे करायचं, तेही सारखंच असतं.

हावड्याची सुई

जंतूंचा शस्त्र म्हणून वापर ही अलीकडची, परदेशातली गोष्ट आहे असं आपल्याला वाटतं. म्हणून आधी आपल्याच देशातलं प्रकरण सांगतो. त्याचा एक धागा थेट मुंबईत येतो.

पाकुड ही आजच्या झारखंडमधली एक मोठी जमीनदारी. १९३३ साली तिथले तरुण वारस अमरेंद्रचंद्र पांडे २६ नोव्हेंबरला कलकत्त्याहून गावी जायला हावडा स्टेशनवर आले होते. गर्दीत एक माणूस त्यांच्या अंगावर आला आणि पसार झाला. दंडाला काहीतरी टोचल्याचं अमरेंद्रना जाणवलं. पुढे ताप चढला, काखेत गाठ आली आणि ४ डिसेंबरला ते गेले. रक्ताच्या तपासणीत प्लेगचे जंतू निघाले.

संशय त्यांच्या सावत्र भावावर, विनयेंद्रवर गेला. मालमत्तेचा वाद होताच. तपासात तारानाथ भट्टाचार्य या डॉक्टरचं नाव पुढे आलं. त्याने १९३२ मध्ये मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटकडे प्लेगचं कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले जंतू, मागितले होते. हाफकिनने उत्तर दिलं की बंगालच्या सर्जन जनरलची परवानगी आणा. तिथे दार बंद झालं. मग १९३३ च्या जुलैमध्ये तारानाथ मुंबईत आला आणि आपण प्लेगवरचं औषध शोधलं आहे, त्याची चाचणी घ्यायची आहे, असं सांगून आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात त्याने काम करायची मुभा मिळवली. तिथे ओळख आणि शिफारस चालून गेली.

खटला झाला. दोघांना फाशीची शिक्षा झाली आणि १९३६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. प्रत्यक्ष सुई टोचणारा माणूस शेवटपर्यंत सापडला नाही.

मी हे प्रकरण खुनाची कथा म्हणून सांगत नाही. त्यात दोन चौक्या आहेत. एक जंतूंच्या कपाटाची. एका संस्थेने कागद मागितला, दुसरीकडे शब्दावर विश्वास ठेवला गेला, आणि त्या फटीतून जंतू बाहेर पडले. दुसरी चौकी म्हणजे रोग्याच्या उशाशी उभा असलेला डॉक्टर. रक्त तपासायला पाठवलं गेलं नसतं, तर हा मृत्यू साध्या तापाच्या नावावर जमा झाला असता आणि खटला उभाच राहिला नसता.

कळायला लागलेलं एक वर्ष

आता पन्नास वर्षं पुढे या. १९८४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, द डॅल्स नावाच्या छोट्या गावात लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. एकूण ७५१ माणसं आजारी पडली. सुदैवाने कुणी दगावलं नाही. बहुतेकांनी गावातल्या हॉटेलांत सॅलड खाल्लं होतं. आरोग्य खात्याने तपास केला आणि स्वयंपाक्यांच्या अस्वच्छ हातांवर बोट ठेवलं.

खरा प्रकार वर्षभराने बाहेर आला. पुण्याच्या कोरेगाव पार्कातून तिकडे गेलेल्या रजनीश पंथाच्या काही वरिष्ठ मंडळींनी सॅलडमध्ये साल्मोनेला जंतू मिसळले होते. स्थानिक निवडणुकीत गावकऱ्यांनी मतदानाला बाहेर पडू नये, हा हेतू. १९८५ च्या सप्टेंबरमध्ये खुद्द रजनीशांनी आपल्या माजी सचिवांवर जाहीर आरोप केले, तेव्हा कुठे पोलिसांच्या हाती प्रयोगशाळा लागली. आतल्या माणसांत भांडण झालं नसतं, तर आजही ती घटना शिळ्या अन्नाच्या खात्यात राहिली असती.

२००१ मध्ये अमेरिकेत टपालाच्या पाकिटांतून अँथ्रॅक्सची भुकटी पाठवली गेली. पाच जण मेले, सतरा आजारी पडले. सात वर्षांच्या तपासानंतर एफबीआयने ज्याचं नाव घेतलं, तो अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ होता. त्याने त्याआधीच आत्महत्या केल्यामुळे खटला चालला नाही. सोव्हिएत रशियात स्वेर्दलोव्स्क शहरात १९७९ मध्ये लष्करी कारखान्यातून अँथ्रॅक्स हवेत सुटला आणि किमान ६६ माणसं मेली. सरकार सांगत राहिलं की लोकांनी खराब मांस खाल्लं. १९९२ मध्ये येल्त्सिन यांनी खरं कारण कबूल केलं. रशियाने तर जैविक शस्त्रांवर बंदी घालणाऱ्या करारावर सही केलेली होती. तो करार १९७५ पासून लागू आहे, भारतही त्यात आहे. पण त्यात तपासणी पथकाची सोय नाही. सही आहे, गस्त नाही.

या घटनांत धोका फक्त सरहद्दीपलीकडून आलेला नाही. कधी घरातला माणूस, कधी शेजारचा पंथ, कधी आपल्याच प्रयोगशाळेतला अधिकारी. म्हणून नुसती सीमा राखून हे काम भागत नाही.

मांडवीचा डॉक्टर आणि पुण्याचे शिपाई

साथींचा इतिहास इथेच उपयोगी पडतो. घातपाताची उदाहरणं थोडी, साथींची मात्र आपल्याकडे भरपूर.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस नावाचे मूळ गोव्याचे डॉक्टर रोगी तपासत होते. ताप, काखेत आणि जांघेत गाठी, आणि पाहता पाहता मृत्यू. त्यांनी न घाबरता सांगितलं की हा प्लेग आहे. बंदराच्या शहरात हा शब्द उच्चारणं म्हणजे व्यापारावर घाला. टाळाटाळ झाली, पण रोग कुणाची वाट पाहत नव्हता. काही महिन्यांत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली, आणि माणसांबरोबर प्लेगही गावोगाव गेला. पुढच्या दोन-तीन दशकांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसं नेली.

सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला. चार कलमांचा छोटा कायदा, पण अधिकार अफाट. पुण्यात रँड यांच्या प्लेग कमिटीने घरझडतीसाठी गोरे शिपाई लावले. ते स्वयंपाकघरात शिरले, देवघरात शिरले, बायाबापड्यांची तपासणी उघड्यावर झाली, सामान जाळलं गेलं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड काही दिवसांनी. दामोदर चापेकर फाशी गेले. 'केसरी'तल्या लेखनाबद्दल टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली.

फौजेत आयुष्य काढलेला माणूस म्हणून मी या झडत्यांकडे वेगळ्या नजरेनेही पाहतो. शिपायाला झडतीचं काम शिकवलेलं असतं, रोग शोधण्याचं नाही. त्याला घरात पाठवलं की घरातला माणूस रोगी लपवतो, प्रेत लपवतो, गाठ आलेल्या पोराला माळ्यावर दडवतो. म्हणजे ज्या बातमीसाठी झडती घेतली, तीच बातमी बंद होते. लष्करी भाषेत सांगायचं तर त्या कमिटीने स्वतःच्या हाताने आपले खबरे गमावले.

त्याच पुण्यात, त्याच महिन्यांत दुसरं चित्रही होतं. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव रोग्यांची सेवा करत होते. त्यातच संसर्ग होऊन सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला गेल्या. टिळकांनी प्लेगच्या रोग्यांसाठी हिंदू इस्पितळ चालवलं. मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी तीन महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. आगाखानांनी लोकांसमोर लस घेतली, म्हणून त्यांच्या अनुयायांनी घेतली. जिथे सांगणारा स्वतः पुढे झाला, तिथे लोक मागे आले.

विश्वास किती नाजूक असतो, तेही हाफकिन यांच्याच बाबतीत दिसलं. १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवाल गावी लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. चूक लशीच्या निर्मितीत नव्हती, हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडलं. आज जैविक हल्ला झाला तर तोडगा लशीचाच असेल, आणि लोकांनी ती घेतली नाही तर गोदामात भरलेल्या बाटल्यांचा काय उपयोग?

फौज आणि साथ

१९१८ चा इन्फ्लूएन्झा मला नेहमी आठवतो, कारण त्यात आम्हा फौजी मंडळींचा हात होता, नकळत का होईना. महायुद्धातून परतणाऱ्या जहाजांबरोबर तो मुंबई बंदरात उतरला. १० जूनला सात पोलीस शिपाई, त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला असलेला, इस्पितळात दाखल झाले. तिथून आगगाडीने तो देशभर गेला आणि सप्टेंबरात दुसरी लाट आली, ती पहिलीपेक्षा कितीतरी भयंकर. देशात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक माणसं गेली असा अंदाज आहे. त्या जंतूमागे कुठला सेनापती नव्हता. तरी महायुद्धात हिंदी सैनिक जितके पडले, त्याच्या कित्येक पट माणसं घरच्या अंथरुणावर गेली. मोठी फौज हलते तेव्हा तिच्याबरोबर काय हलतं, हे पाहणं सेनेचंच काम आहे, ते तेव्हापासून.

सुरत, १९९४

या श्रोत्यांपैकी पुष्कळांना सुरतेचा प्लेग आठवत असेल. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला. वर्षभरात बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला, आणि १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. सुरत म्हणजे आपल्या खानदेशातल्या हजारो कुटुंबांचं पोट. दोन-चार दिवसांत लाखो माणसांनी रेल्वे आणि एसटी गाठली. काही खासगी डॉक्टरांनीही दवाखान्यांना कुलूप लावलं. दुकानांतलं टेट्रासायक्लिन संपलं. परदेशांनी विमानं थांबवली, आपला माल अडवला.

मृत्यू किती झाले? साधारण पन्नास-पंचावन्न. एक मृत्यूही कमी नव्हे. पण देशाचं जे नुकसान झालं, ते त्या आकड्याच्या मानाने किती प्रचंड होतं, बघा. हा प्लेगच आहे की दुसरं काही, यावर तज्ज्ञांत महिनोन्महिने वाद चालला. खात्रीचं उत्तर लवकर न मिळाल्यामुळे कुजबुजीला जागा मिळाली, आणि हा परकीय घातपात असल्याच्या वावड्या उठल्या. दहशतवाद्याला याहून जास्त काय हवं असतं? त्याला मेलेल्यांचा आकडा मोठा लागत नाही, पळणाऱ्यांचा लागतो. सुरतेत कुणी दहशतवादी नसताना ते घडलं.

सुरतेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. अधिकाऱ्यांना खुर्चीतून उठवून रोज रस्त्यावर पाठवलं, कचरा उचलण्याचा हिशेब रोज घेतला. दोनेक वर्षांत सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. जैविक संरक्षणाचा एवढा मोठा कार्यक्रम त्या शहरात कुठल्याही रणगाड्याशिवाय झाला.

जयपूर ते पुणे, एक नमुना

आता आमच्या गावाची गोष्ट. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये झोटवाड्यापासून जवळच असलेल्या शास्त्रीनगर भागात झिका विषाणूचे रोगी सापडले. राजस्थानात दीडशेहून अधिक जणांना लागण झाली. सुरुवात एका वयस्कर बाईंच्या तापाने झाली. डेंग्यू, चिकुनगुन्या यांच्या चाचण्यांत काही बसेना, म्हणून डॉक्टरांनी तिथे न थांबता नमुना पुढे पाठवला आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने झिका असल्याचं सांगितलं. मग घरोघर पाहणी, कुलरमधलं पाणी ओतणं, धूर मारणं, गरोदर बायकांची नोंद हे सगळं सुरू झालं. साथ आटोक्यात आली. हावड्याच्या प्रकरणात जे घडलं, तेच इथे घडलं. एका डॉक्टरचं समाधान झालं नाही, आणि नमुना पोहोचला.

२०२० च्या मार्चमध्ये एका इटालियन पर्यटकाला जयपुरातच कोरोना असल्याचं निघालं. तो आणि त्याचा गट राजस्थानात जिथे जिथे फिरला, त्या जिल्ह्यांत माणसं शोधली गेली. त्याच महिन्यात भिलवाड्यात संचारबंदी लावून घरोघर पाहणी झाली. सेनेने वुहानहून आलेल्या विद्यार्थ्यांना मानेसरला आणि इराणहून आलेल्यांना जैसलमेरला विलगीकरणात ठेवलं. तिथे जवानांनी जेवण दिलं, तपासणी केली, घरच्यांशी बोलणं करून दिलं. पुण्यात शिपाई झडतीसाठी घरात शिरला होता, इथे तो ताट घेऊन दाराशी उभा होता. सव्वाशे वर्षांत हा फरक पडला, याचा मला अभिमान आहे.

मात्र १८९७ चाच कायदा २०२० मध्ये पुन्हा काढावा लागला, आणि डॉक्टर-नर्सवर हात उचलणाऱ्यांसाठी त्यात दुरुस्ती करावी लागली. म्हणजे विश्वासाची लढाई संपलेली नाही.

स्टँड-टू

फौजेत एक शिरस्ता असतो, स्टँड-टू. पहाटे आणि संध्याकाळी प्रत्येक जण हत्यार घेऊन आपापल्या मोर्च्यात उभा राहतो. बहुतेक दिवस काहीच घडत नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायचं. जैविक धोक्याची तयारी अशीच रोजची आणि कंटाळवाणी असते.

देशात साधनं नाहीत असं नाही. २००४ पासून रोगांवर नजर ठेवणारी जिल्हावार यंत्रणा आहे. २००८ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जैविक आपत्तींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पुण्यात सर्वांत वरच्या सुरक्षा पातळीची विषाणू प्रयोगशाळा आहे. ग्वाल्हेरला डीआरडीओची संस्था याच विषयावर काम करते. आर्थर रोडचं ते रुग्णालय आज कस्तुरबा नावाने उभं आहे, आणि कोरोनाचे मुंबईतले पहिले रोगी तिथेच दाखल झाले. पण या सगळ्याच्या अलीकडे, अगदी पुढच्या फळीत, तालुक्याचा दवाखाना आहे. तिथे डॉक्टरची जागा रिकामी असेल, तर पुण्याच्या प्रयोगशाळेपर्यंत नमुना पोहोचणारच नाही. पुढची चौकी ओस पडली तर मागच्या तोफखान्याला कुठे मारायचं ते कोण सांगणार?

म्हणून चार प्रश्न तुमच्याजवळ देतो. आपल्या आमदाराला, नगरसेवकाला, सरपंचाला विचारा. आमच्या आरोग्य केंद्रात किती जागा रिकाम्या आहेत? इथे न ओळखू येणारा ताप आला, तर नमुना कुठे जातो आणि उत्तर किती दिवसांत येतं? जिल्ह्यातल्या प्रयोगशाळांत घातक जंतू कुणाच्या कुलुपात आहेत, त्या कुलपाची नोंदवही कोण तपासतो? साथ आली तर लोकांशी रोज, खरं तेच, कोण बोलणार आहे, त्या माणसाचं नाव आत्ताच ठरलं आहे का?

आणि आपल्या बाजूने तीन गोष्टी. घरातला आजार लपवायचा नाही. डॉक्टरने तपासणी सांगितली तर "साधा तर ताप आहे" म्हणून टाळायची नाही. आणि मोबाईलवर आलेली जंतूंची बातमी, ती कितीही देशप्रेमाने रंगवलेली असली तरी, खात्री केल्याशिवाय पुढे पाठवायची नाही. सुरतेत जंतूंपेक्षा बातमी वेगाने धावली होती, आणि तेव्हा तर आपल्या खिशात मोबाईलही नव्हता.

कोरोना ओसरला तसा हा विषयही मागे पडतो आहे. साथ गेली की तिच्यासाठी उभी केलेली माणसं आणि खाटा मोडीत काढायची आपली जुनी खोड आहे. फौजेत लढाई संपल्यावर चौकी काढून घेत नाहीत, पहारा बदलतात. दवाखान्याच्या बाबतीत तेवढं जरी आपण शिकलो, तरी पुढचा जंतू निसर्गाने पाठवलेला असो की माणसाने, त्याला अडवणारा कुणीतरी जागेवर असेल.

जय हिंद.